कंपवात आणि कॅल्शियम

उतारवयात हात थरथरू लागला, पाऊल आखूड पडू लागले, सदऱ्याची बटणे लावण्यास वेळ लागू लागला, की आपल्याकडे त्याची बोळवण बहुधा 'आता वय झाले' एवढ्या शब्दांत केली जाते. वस्तुतः या लक्षणांमागे पुष्कळदा एक निश्चित विकार असतो. वैद्यकशास्त्र त्यास पार्किन्सनचा विकार म्हणते. आयुर्वेदात त्याच्याशी मिळतीजुळती लक्षणे कंपवात या नावाने ओळखली जातात आणि मराठीत तेच नाव रूढ आहे. हात स्वस्थ असताना होणारा कंप, हालचालींतील मंदपणा, स्नायूंचा ताठरपणा आणि पुढे पुढे तोल सांभाळण्यातील अडचण ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. चेहऱ्यावरील भाव मावळतात, आवाज क्षीण होतो, अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे यांसारख्या तक्रारी तर कंप दिसू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे सुरू झालेल्या असतात. परंतु त्यांचा संबंध मेंदूशी असेल, अशी शंका सहसा कोणास येत नाही.

लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन एका निबंधाद्वारे प्रसिद्ध केले. या निबंधाचा आधार अवघे सहा रुग्ण होते आणि त्यांतील काही तर त्यांना रस्त्यावर चालताना आढळलेले होते. तपासणीची आजची कोणतीही साधने हाताशी नसताना केवळ डोळसपणाच्या बळावर लिहिले गेलेले ते वर्णन आजही बव्हंशी खरे ठरते. पुढे फ्रान्समधील शार्को या मज्जाविकारतज्ज्ञांनी या विकारास पार्किन्सन यांचे नाव दिले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात ८५ लाखांहून अधिक व्यक्तींना हा विकार होता. महाराष्ट्रापुरते पाहता, मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा उल्लेख जगभरातील अभ्यासक करतात. सुमारे १४ हजार रहिवाशांच्या त्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्याने हा आकडा अन्य समाजांस जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि आयुर्मान वाढेल तसे या विकाराचे रुग्ण वाढणार, ही गोष्ट त्यावरून पुरेशी स्पष्ट होते.

काही लाख पेशींचा प्रश्न

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. कंपवातात प्रामुख्याने नष्ट होतात त्या यांपैकी केवळ काही लाख. मध्यमेंदूत दोन्ही बाजूंस काळसर रंगाचा एक छोटा पट्टा असतो. त्याच्या रंगावरूनच त्यास 'काळा पदार्थ' अशा अर्थाचे सबस्टॅन्शिया नायग्रा हे लॅटिन नाव मिळाले आहे. येथील पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात आणि आपल्या लांबलचक तंतूंद्वारे ते मेंदूतील हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांकडे पोहोचवितात. या पेशी मरू लागल्या की डोपामिनचा पुरवठा आटतो. लक्षणे स्पष्ट दिसू लागतात तोवर या पेशींचा मोठा भाग निकामी झालेला असतो.

हे ज्ञान हाती येण्यामागील कथेत भारतीय वनस्पतींचाही वाटा आहे. सर्पगंधेपासून मिळविलेले रिसर्पिन हे औषध दिल्यावर ससे निश्चल पडून राहतात आणि लेव्होडोपा टोचताच पुन्हा हालचाल करू लागतात, असे स्वीडनमधील अर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. १९६० मध्ये व्हिएन्नामधील ओलेह होर्निकिएविझ यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंचे परीक्षण करून त्यांत डोपामिनची तूट असल्याचे सिद्ध केले. १९६७ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज कोटझियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेऊन ते पोटातून देण्याची उपचारपद्धती यशस्वी केली. गंमत अशी, की लेव्होडोपा हेच द्रव्य आपल्या रानावनांत वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत विपुल प्रमाणात असते. भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते १९३७ मध्येच या बियांतून वेगळे केले होते.

लेव्होडोपा हे आजही कंपवातावरील सर्वांत परिणामकारक औषध आहे. परंतु ते आटलेल्या डोपामिनची भरपाई करते. पेशींचा ऱ्हास थांबवीत नाही. विहिरीचे झरे बुजत चालले असताना बाहेरून टँकरने पाणी आणून ओतण्यासारखा हा उपाय होय. गरज भागते, पण झरे का बुजले हा प्रश्न कायम राहतो. कोट्यवधी पेशींपैकी नेमक्या याच पेशी का मराव्यात, या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता संशोधकांचे लक्ष कॅल्शियमकडे वळले.

हाडांपलीकडचे कॅल्शियम

कॅल्शियम म्हटले की सर्वसामान्य वाचकाच्या मनात हाडे, दात आणि दूध हीच त्रयी येते. ते साहजिकही आहे. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे एक किलोग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातील ९९ टक्के हाडांत व दातांत साठविलेले असते. उरलेल्या एका टक्क्याचे काम मात्र फार नाजूक असते. ते रक्तात, पेशींभोवतालच्या द्रवात आणि पेशींच्या आत विद्युत्भारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या स्वरूपात वावरते.

या एका टक्क्याचे महत्त्व प्रथम ध्यानात आले ते एका योगायोगाने. लंडनमधील सिडनी रिंगर हे बेडकाचे काढून घेतलेले हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून त्याच्या स्पंदनांचा अभ्यास करीत होते. हृदय तासन्‌तास धडधडत राहिले आणि केवळ मिठाचे पाणी त्यास पुरेसे आहे, असे त्यांनी १८८२ मध्ये प्रसिद्धही केले. पुढे चौकशी करता असे आढळले, की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात तयार केले गेले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय थांबले. नळाच्या पाण्यातील चुन्याच्या क्षारांनी, अर्थात कॅल्शियमने, ते चालू ठेवले होते. रिंगर यांनी १८८३ मध्ये आपली दुरुस्ती जाहीर केली. प्रयोगशाळेतील एक ढिलाई आणि ती मान्य करण्याचा प्रांजळपणा, या दोहोंतून शरीरक्रियाशास्त्राचे एक महत्त्वाचे दालन उघडले.

स्नायूचे आकुंचन, ग्रंथींचा स्राव आणि एका चेतापेशीने दुसरीस दिलेला रासायनिक संदेश ही सारी कामे कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालतात. डोपामिन देखील पेशीच्या टोकातून बाहेर पडते ते कॅल्शियम आत शिरल्यावरच. हा इशारा चटकन ओळखू यावा म्हणून पेशी एरवी आपल्या आत कॅल्शियम जवळजवळ ठेवीतच नाही. पेशीबाहेर त्याचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. पेशीच्या पटलात विशिष्ट मार्गिका असतात. त्या क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत घुसते, काम घडते आणि लागलीच ते कॅल्शियम पुन्हा बाहेर फेकले जाते किंवा पेशीतील कोठारांत बंद केले जाते. धरणाच्या भिंतीमागे पाणी तुंबलेले असावे आणि दरवाजे पळभर उघडून मिटावेत, तसा हा प्रकार असतो. दरवाजा उघडण्यास श्रम फारसे पडत नाहीत. आत आलेले पाणी उपसून पुन्हा वर चढविण्यास मात्र मोठी शक्ती खर्चावी लागते.

शिकागोतील निरीक्षण

अमेरिकेतील शिकागो येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जेम्स सरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमेंदूतील या काळ्या पट्ट्याच्या पेशींचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या निरीक्षणांचे एक महत्त्वाचे टिपण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. या पेशींचे वैशिष्ट्य असे, की त्या कोणाच्या आज्ञेची वाट पाहत नाहीत. हृदयातील स्पंदक पेशींप्रमाणे त्या स्वतःहून, रात्रंदिवस, सेकंदास साधारणतः दोन ते चार वेळा विद्युत्‌स्पंद निर्माण करीत असतात. चोवीस तासांचा हिशेब केला तर ही संख्या पावणेदोन ते साडेतीन लाखांवर जाते. मेंदूतील अन्य बहुसंख्य पेशी अशा स्पंदांसाठी मुख्यतः सोडियमवर भागवितात. या पेशींत मात्र प्रत्येक स्पंदाबरोबर एका विशिष्ट प्रकारच्या मार्गिकेतून कॅल्शियमही आत शिरत राहते. शास्त्रीय परिभाषेत तीस एल वर्गातील मार्गिका म्हणतात.

त्यातच, आत आलेले कॅल्शियम तात्पुरते बांधून ठेवणारी प्रथिने या पेशींत फार कमी असतात. काळ्या पट्ट्याच्या अगदी शेजारी डोपामिनच तयार करणाऱ्या पेशींचा आणखी एक समूह असतो. त्यांत कॅल्शियमचा शिरकाव कमी आणि त्यास बांधून ठेवणारे कॅल्बिंडिन नावाचे प्रथिन मुबलक असते. कंपवातात या शेजारच्या पेशींची हानी तुलनेने पुष्कळ कमी होते. एकच रसायन तयार करणाऱ्या, एकमेकींना लागून असणाऱ्या दोन पेशीसमूहांपैकी एक मरतो आणि दुसरा बराचसा तगतो, हा भेद विचार करावयास लावणारा आहे.

कॅल्शियम आत आल्याने पेशीस इजा कशी पोहोचते? पेशीतील तंतुकणिका ही तिची ऊर्जाकेंद्रे होत. कॅल्शियम त्यांत शिरले की ती अधिक वेगाने ऊर्जा निर्माण करू लागतात. कामाच्या गर्दीत ऊर्जा कमी पडू नये म्हणून निसर्गाने केलेली ही तरतूद असावी. परंतु सतत पूर्ण वेगाने चालणाऱ्या गिरणीतून धूरही अधिक निघतो. येथे हा धूर म्हणजे ऑक्सिजनची अतिक्रियाशील संयुगे. ती तंतुकणिकांची आणि पेशीतील प्रथिनांची झीज घडवितात. प्रत्येक पेशीचे तंतू इतक्या शाखांनी पसरलेले असतात, की तिला लाखो संपर्कस्थाने सांभाळावी लागतात. तारुण्यात हा बोजा निभावतो. वयाबरोबर तंतुकणिकांची क्षमता घटली की तो पेलेनासा होतो. या मार्गिका बंद केल्या तरी पेशींचे स्पंदन चालूच राहू शकते, असेही पुढील प्रयोगांत दिसून आले. म्हणजे कॅल्शियम या पेशींच्या ठेक्यास अपरिहार्य नाही. तो त्यांच्या ऊर्जाव्यवस्थेचा एक खर्चिक भाग आहे.

दुसरा धागा इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून पुढे आला. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्या आढळतात. हे प्रथिन पेशीच्या टोकाशी, रसायने साठविणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांजवळ असते. कॅल्शियम त्यास चिकटले की पिशव्यांशी त्याचा संबंध बदलतो आणि कॅल्शियम व हे प्रथिन यांचे संतुलन बिघडल्यास गुठळ्या होण्यास चालना मिळते, असे तेथील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखविले.

अर्थात कॅल्शियम हे या विकाराचे एकमेव कारण आहे, असे कोणी समजू नये. काही कुटुंबांत जनुकीय दोष असतात, काही कीटकनाशकांशी दीर्घकाळ आलेल्या संपर्काचाही संबंध आढळला आहे, आणि वय हा तर सर्वांत मोठा घटक आहे. कॅल्शियमचा भार या पेशींना आधीच काठावर आणून ठेवतो व अन्य कारणांचा धक्का त्यांस पुरेसा होतो, अशी ही उपपत्ती आहे.

रक्तदाबाच्या गोळीवरील आशा

उपपत्ती आकर्षक होतीच. शिवाय तिच्यामागोमाग उपायही तयार होता. एल वर्गातील मार्गिका बंद करणारी औषधे उच्च रक्तदाबासाठी अनेक वर्षे वापरात आहेत. त्यांपैकी इस्रॅडिपिन हे औषध मेंदूत पोहोचू शकते. उंदरांना ते दिले असता डोपामिन पेशींचा विषारी द्रव्यांपासून बचाव होतो, असे शिकागोतील प्रयोगांत आढळले होते. त्यास लोकसंख्येच्या अभ्यासांचीही जोड मिळाली. ब्रिटनमधील २००८ चा आणि डेन्मार्कमधील २०१० चा, अशा दोन अभ्यासांत या गटातील औषधे घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये कंपवाताचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने कमी दिसले. डेन्मार्कच्या अभ्यासात तर मेंदूत सहज न पोहोचणाऱ्या अॅम्लोडिपिनचा असा लाभ दिसला नाही आणि पोहोचणाऱ्या औषधांचा दिसला. स्वस्त, परिचित, सुरक्षित गोळी आणि तिच्यामुळे विकाराची वाटचाल मंदावण्याची शक्यता! एवढी अनुकूल परिस्थिती वैद्यकीय संशोधनात क्वचितच जुळून येते.

मग अमेरिका व कॅनडा येथे मोठी चाचणी हाती घेण्यात आली. विकाराचे निदान नुकतेच झालेले आणि त्यावरील औषधे अद्याप सुरू न केलेले ३३६ रुग्ण निवडण्यात आले. त्यांपैकी निम्म्यांना दररोज १० मिलिग्रॅम इस्रॅडिपिन आणि निम्म्यांना दिसावयास तशीच, परंतु औषध नसलेली गोळी देण्यात आली. कोणास काय मिळते हे रुग्णांना ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. तीन वर्षे हा क्रम चालला. चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. विकाराची तीव्रता मोजण्याच्या गुणपट्टीवर औषध घेणाऱ्या गटाची घसरण सरासरी २.९९ गुणांची, तर दुसऱ्या गटाची ३.२६ गुणांची होती. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. थोडक्यात, इस्रॅडिपिनने विकाराची गती कमी केली नाही. पायांवर सूज आणि चक्कर या तक्रारी मात्र औषध घेणाऱ्यांत अधिक आढळल्या.

या निष्कर्षाने अनेकांची निराशा केली. कारणांची चर्चा त्यानंतर बराच काळ चालली. मेंदूतील मार्गिका बंद होण्यास १० मिलिग्रॅमची मात्रा अपुरी असावी, असे काहींचे म्हणणे आहे. ती वाढवावी तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो, कारण हृदय व रक्तवाहिन्यांतील मार्गिका या औषधास अधिक सहजपणे दाद देतात. निदान होते तेव्हाच पुष्कळ पेशी गेलेल्या असतात, मग उशिरा दिलेल्या संरक्षणाचा उपयोग काय, हा दुसरा मुद्दा. तिसरी शक्यता अधिक अप्रिय आहे : उंदरांत विषाने घडविलेला विकार आणि माणसात दशकानुदशके हळूहळू वाढणारा विकार यांत साम्य थोडे व भेद फार असेल.

लोकसंख्येच्या अभ्यासांनी दिशाभूल कशी केली असावी, हेही पाहण्यासारखे आहे. कंपवात उघड होण्यापूर्वीच्या काळात अनेकांचा रक्तदाब आपोआप कमी होऊ लागतो. अशा व्यक्तींना रक्तदाबाच्या गोळ्या मुळातच कमी प्रमाणात दिल्या जाणार. मग गोळ्या घेणाऱ्यांत कंपवात कमी दिसतो तो गोळ्यांमुळे की ज्यांना कंपवात होणार होता त्यांना गोळ्या लागल्याच नाहीत म्हणून? दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडते असे नव्हे, ही सावधगिरी ग्रामविकासाच्या आकडेवारीसही तितकीच लागू आहे. परंतु तो वेगळा विषय आहे.

कॅल्शियमची उपपत्ती या एका चाचणीने संपूर्णपणे खोटी ठरली, असे मानण्याचे कारण नाही. मेंदूतील नेमक्या त्याच मार्गिकांवर काम करणारी आणि रक्तदाबास धक्का न लावणारी द्रव्ये शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. तथापि कॅल्शियमच्या मार्गिका बंद करून कंपवात रोखणारे औषध आज कोणत्याही डॉक्टरपाशी नाही. कंपवाताच्या रुग्णाने या आशेने स्वतःच्या मनाने रक्तदाबाच्या गोळ्या घेणे तर घातकच होय. या विकारात उभे राहताच रक्तदाब एकाएकी उतरण्याची प्रवृत्ती असते. त्यात अशी गोळी घेतली तर घेरी येऊन पडण्याचा व हाड मोडण्याचा धोका संभवतो.

चक्कर येण्यावरील गोळ्या

याच विषयाची एक बाजू मात्र आपल्या दैनंदिन व्यवहाराशी निगडित असून तिची माहिती फार थोड्यांना आहे. सिनॅरिझिन आणि फ्लुनॅरिझिन ही दोन औषधे कॅल्शियमच्या मार्गिका बंद करणाऱ्या औषधांतच मोडतात. पहिले चक्कर व प्रवासातील मळमळ यांवर आणि दुसरे मुख्यतः अर्धशिशी टाळण्यासाठी दिले जाते. वृद्ध व्यक्तीने ही औषधे महिनोन्‌महिने घेतल्यास त्यांच्यामुळेच कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. याचे कारण असे, की कॅल्शियमच्या मार्गिकांबरोबरच ही औषधे मेंदूतील डोपामिनचा संदेश स्वीकारणारी स्थानेही अडवितात. स्पेनमधील व दक्षिण अमेरिकेतील डॉक्टरांनी १९८०च्या दशकात असे रुग्ण प्रथम मोठ्या संख्येने नोंदविले.

आपल्याकडे चक्कर येते म्हणून एकदा लिहून दिलेली गोळी वृद्ध मंडळी वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून आणीत राहतात, हे सर्वपरिचित आहे. पुढे हात थरथरू लागला की कंपवाताची गोळी वाढते आणि चकरेची गोळीही चालूच राहते. अशा प्रसंगी मूळ औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केल्यास पुष्कळ रुग्णांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत लक्षणे ओसरतात. सर्वांतच ती पूर्णपणे जातात असे मात्र नाही. म्हणून नव्याने कंप सुरू झालेल्या वृद्धास डॉक्टरांकडे नेताना घरातील सर्व औषधांची पाकिटे बरोबर नेणे हे लाखमोलाचे काम ठरते. उलटीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड आणि मानसिक विकारांवरील काही औषधेही अशीच लक्षणे निर्माण करू शकतात. येथे एक खुलासा आवश्यक आहे. रक्तदाबासाठी सर्रास दिले जाणारे अॅम्लोडिपिन या दोषी औषधांत मोडत नाही. ते घेणाऱ्यांनी या माहितीमुळे घाबरून आपले औषध थांबवू नये.

दूध सोडावे काय?

पेशींतील कॅल्शियम घातक ठरते हे ऐकून काही रुग्ण दूध, नाचणी किंवा कॅल्शियमच्या गोळ्या सोडून देतात. हा गैरसमज होय. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण अवटू ग्रंथीमागील परावटू ग्रंथी आणि ड जीवनसत्त्व यांच्या साहाय्याने शरीर अत्यंत काटेकोरपणे राखीत असते. आहारातील कॅल्शियम कमी केले तर ग्रंथी हाडांतून ते काढून घेतात. मेंदूतील पेशीत शिरणारे कॅल्शियम मार्गिकांच्या उघडझापेवर अवलंबून असते, दुधाच्या पेल्यावर नव्हे. हवाई बेटांतील होनोलुलू येथे मध्यमवयीन पुरुषांची सुमारे तीस वर्षे नोंद ठेवून केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दूध अधिक पिणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण काहीसे अधिक दिसले हे खरे. परंतु आहारातील कॅल्शियमशी त्याचा संबंध आढळला नाही. दुधाच्या बाबतीतील या संबंधाचा अर्थ काय, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

उलटपक्षी, कंपवाताच्या रुग्णास कॅल्शियमची गरज इतरांहून कमी नसते. किंबहुना तिकडे अधिकच लक्ष पुरवावे लागते. हालचाल मंदावल्याने रुग्ण घरात बसून राहतो, उन्हात जात नाही, त्याचे ड जीवनसत्त्व कमी पडते आणि हाडे ठिसूळ होतात. तोल जाऊन पडण्याची शक्यता तर असतेच. खुब्याचे हाड मोडून अंथरुणास खिळलेल्या वृद्धाचे हाल, मूळ कंपापेक्षा कितीतरी अधिक असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दररोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम मिळते. तीळ तर याहून कितीतरी समृद्ध आहेत. कोकणातील आंबील आणि घाटावरील तिळाची चटणी यांचे मोल या दृष्टीने ओळखले पाहिजे. कोवळ्या उन्हात फिरणे हा व्यायामही होतो आणि ड जीवनसत्त्वाची सोयही.

दुधाबाबत पाळावयाचे पथ्य निराळेच आहे व त्याचा संबंध कॅल्शियमशी नसून प्रथिनांशी आहे. लेव्होडोपा हे आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाण्यासाठी ज्या वाटेचा उपयोग करते, तीच वाट प्रथिनांच्या पचनातून निघणारी काही अमिनो आम्ले वापरतात. दूध, डाळ, अंडी किंवा मांस यांच्यासोबत गोळी घेतली की वाटेत गर्दी होते आणि गोळीचा गुण उशिरा वा कमी येतो. म्हणून ही गोळी जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेण्यास सांगतात. रक्तवाढीसाठी दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्याही लेव्होडोपासोबत घेऊ नयेत. लोह त्यास बांधून टाकते. कित्येक घरांत 'औषध लागू पडत नाही' अशी जी तक्रार असते, तिचे मूळ केवळ या वेळांच्या गोंधळात असू शकते.

काही थोड्या रुग्णांत कॅल्शियमचा संबंध अगदी सरळ असतो. परावटू ग्रंथी मंद असल्यास, किंवा शस्त्रक्रियेत त्यांस इजा झाल्यास, रक्तातील कॅल्शियम घटते आणि मेंदूच्या खोल भागांत कॅल्शियमचे क्षार साचतात. मग कंप, ताठरपणा, क्वचित झटके अशी लक्षणे दिसतात. फार हा जनुकीय विकारही याच जातीचा. मेंदूच्या संगणकीय क्ष-किरण चित्रात हे क्षार पांढरे डाग म्हणून उमटतात आणि रक्ताच्या साध्या तपासणीत कॅल्शियमची घट कळते. ग्रंथीच्या दोषावर कॅल्शियम व ड जीवनसत्त्व देऊन उपचार करता येतो. तरुण वयात कंप सुरू झाला असेल, हातापायांस मुंग्या व गोळे येत असतील, तर ही तपासणी टाळू नये.

निदानानंतरचे आयुष्य अनेक वर्षांचे असते व ते कुटुंबाच्या आधारानेच जावयाचे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कंपवाताचा समावेश करण्यात आला आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या रुग्णास त्यानुसारच्या सवलतींसाठी अर्ज करता येतो. मुंबई व पुणे येथे रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना व्यायाम, उच्चारसुधार व मार्गदर्शन देणारी स्वयंसेवी मंडळे कार्यरत आहेत. खेड्यातील रुग्णास ती दूरची असली, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञापर्यंत पोहोचणे शक्य आहे. वर्गात वा ग्रामसभेत एखाद्या वृद्धाचा हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरताना दिसला, तर त्या घरी जाऊन, कोणती औषधे चालू आहेत, एवढे विचारण्याचे काम शिक्षक अथवा पंचायत सदस्य सहज करू शकतात.